ओटा आणि ग्राफिक्स कार्ड
(डिसेंबर २०२२ मधील स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आपला रौप्यमहोत्सव खरं तर मागच्या वर्षी व्हायचा. करोनामुळे तो एक वर्ष लांबला. पंचवीस वर्षं थांबलो तिथे आणखी एका वर्षाने काय बिघडतं! सगळे जमलो, हेच मोठं.

संयोजकांनी मला विषय दिला होता, 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि उद्याच्या संधी'. मी त्यांना सांगितलं, की त्या विषयावर बोलायला आता गल्लोगल्ली माणसं आहेत. मी माझ्या पहिल्या कॉम्प्युटरबद्दल बोलते. तो मी अभ्यासासाठी घेतला असं घरी सांगितलं होतं. घेतला होता खेळासाठी. हे मी एवढ्या लोकांसमोर पहिल्यांदाच कबूल करते आहे. समोर आपल्या बाई बसल्या आहेत, तेव्हा छातीत थोडं धडधडतंय.

सुरुवात याच इमारतीतून झाली. आपण आठवीत असताना शाळेत कॉम्प्युटर आला. प्रयोगशाळेच्या शेजारची खोली, निळा पडदा, बाहेर चपला काढायच्या. एक कॉम्प्युटर आणि आपण पन्नासजण. तासाला सर फळ्यावर 'इनपुट', 'आउटपुट' असं लिहायचे आणि मग पाच-सहाजणांना यंत्रापाशी बोलवायचे. ती पाच-सहाजणं नेहमी मुलंच असायची. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. ते पुढे घुसायचे आणि आम्ही मागे उभं राहून त्यांच्या खांद्यांवरून बघायचो. एकदा कुणीतरी फ्लॉपीवर 'डिगर' आणला. माती खणत जाणारी ती छोटीशी गाडी मी तीन आठवडे दुसऱ्यांच्या खांद्यांवरून पाहिली.

मग एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, मी तिथेच रेंगाळताना शिपाईमामांनी पाहिलं. ते म्हणाले, "काय गं, खेळायचंय का? मी झाडून काढेपर्यंत बस." पुढे वर्षभर दर शनिवारी मला वीस मिनिटं मिळाली. सर, आता सांगायला हरकत नाही. किल्ली मामांकडे होती, पण गुन्हेगार मी होते. मामा आज पहिल्या रांगेत बसले आहेत. मामा, नमस्कार करते.

बारावीनंतर इंजिनिअरिंगला गेले. तिथे लॅबमध्ये कॉम्प्युटर भरपूर होते, पण मुलींच्या वसतिगृहाचं फाटक संध्याकाळी सातला बंद व्हायचं. मुलांच्या वसतिगृहात कुणीतरी असेंबल केलेली दोन यंत्रं होती. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तिथे 'क्वेक' चालायचा. सकाळी ही मुलं तारवटलेल्या डोळ्यांनी वर्गात यायची आणि प्रात्यक्षिकाला यंत्र अडलं की दोन मिनिटांत सुरू करायची. मला वाटायचं, यांना हे येतं कुठून? पुस्तक तर आमच्या सगळ्यांचं एकच आहे. हळूहळू लक्षात आलं. खेळ चालत नाही म्हणून ते यंत्र उघडायचे, बिघडवायचे, पुन्हा जोडायचे. खेळण्याच्या नादात त्यांना यंत्र कळत होतं. मला ते यंत्र हवं होतं. आणि खरं सांगायचं तर तो खेळही हवा होता.

१९९९ च्या उन्हाळ्यात मी घरी विषय काढला. कंपनीचा तयार कॉम्प्युटर आमच्या आवाक्याच्या फारच बाहेर होता. सुटे भाग आणून जोडला तर पंचवीस हजारांत बसवता येईल, असं मी वहीत मांडून अण्णांना दाखवलं. अण्णा दूध संघात कारकून होते. हिशेबाची वही दिसली की त्यांना विश्वास वाटायचा. त्यांनी पतपेढीतून पंधरा हजारांचं कर्ज काढलं. माझ्या शिष्यवृत्तीचे चार हजार होते. सहा हजार कमी पडत होते. ते आईच्या भिशीचे आले.

त्या सहा हजारांत आईला ओटा करायचा होता. आमच्या घरी तेव्हा ती जमिनीवर बसून स्वयंपाक करायची. गुडघे दुखायला लागले होते. गवंडी येऊन माप घेऊन गेला होता. कडप्पा, मोरी, मजुरी धरून सहा हजार असं ठरलंही होतं. आई म्हणाली, "ओटा काय, पुढच्या वर्षी होईल. शिक्षण पुढच्या वर्षीवर टाकता येत नाही."

ऑक्टोबरमध्ये मी आणि अण्णा रात्रीच्या एसटीने निघालो आणि पहाटे मुंबई सेंट्रलला उतरलो. तिथून लॅमिंग्टन रोड चालत जाण्याइतका जवळ. दुकानं उघडायला दहा-अकरा वाजतात हे आम्हाला ठाऊक नव्हतं. चार तास बंद शटरांसमोर फेऱ्या मारल्या. दुकानं उघडल्यावर पाच ठिकाणी दर काढले. प्रत्येक दुकानदार कागदाच्या चिटोऱ्यावर भरभर आकडे लिहून द्यायचा आणि सांगायचा, "आजचा भाव आहे, उद्याचं माहीत नाही."

त्याचं म्हणणं किती खरं होतं ते तिथेच कळलं. ऑगस्टमध्ये मी चौकशी केली तेव्हा ६४ एमबी रॅम चोवीसशेला होती. आता तीच त्रेचाळीसशे! २१ सप्टेंबरला तैवानमध्ये मोठा भूकंप झाला होता. तिथल्या शिन्चू भागातल्या चिप बनवणाऱ्या कारखान्यांची वीज गेली, उत्पादन थांबलं आणि जगभर रॅमचे भाव भडकले. तैवान नकाशात कुठे आहे हे मला भूगोलाच्या बाईंनी शिकवलं होतं. तिथली जमीन हलली की आपल्या गावातल्या भिशीचं गणित चुकतं, हे लॅमिंग्टन रोडने शिकवलं.

आता निवड करायची होती, आणि इथेच मी खोटं बोलले.

अभ्यासासाठी लागणारं यंत्र सरळ होतं. नऊशे रुपयांचं साधं डिस्प्ले कार्ड आणि ६४ एमबी रॅम, दोन्ही मिळून बावन्नशे. मला हवं होतं ते वेगळं. रिव्हा टीएनटी नावाचं १६ एमबीचं ग्राफिक्स कार्ड. आदल्या वर्षीचं मॉडेल, नवं आल्यामुळे भाव उतरलेला, तरी छत्तीसशे. ते घेतलं तर रॅम निम्मी, ३२ एमबी, बावीसशेची. म्हणजे अठ्ठावन्नशे. सहाशे रुपये जास्त द्यायचे आणि अभ्यासाच्या कामाला यंत्र मात्र हळू घ्यायचं.

दुकानदाराने हिंदीत विचारलं, "गेम खेलना है क्या?" अण्णा शेजारीच उभे होते. मी घाईने म्हणाले, "नाही, ग्राफिक्सचा विषय आहे आम्हाला." असा विषय त्या वर्षी नव्हता. अण्णांनी लगेच त्या कार्डासाठी घासाघीस सुरू केली. वस्तू काय आहे हे माहीत नसताना, केवळ मुलीला अभ्यासाला लागते म्हणून, माझे वडील अर्धा तास त्या माणसाशी भांडले आणि तीन हजार आठशेचं कार्ड छत्तीसशेला घेतलं. तो अर्धा तास मी अजून विसरलेले नाही.

यादी मला आजही पाठ आहे. सेलेरॉन ३६६ प्रोसेसर तीन हजार. मदरबोर्ड चार हजार. त्यातही एक खाच होती. आणखी स्वस्त बोर्ड मिळत होते, पण त्यांत ग्राफिक्स आतच बसवलेलं आणि एजीपीची खाच दिलेलीच नाही. म्हणजे पुढे कार्ड लावायची वाटच बंद. तो मोह टाळला. रॅम बावीसशे, हार्ड डिस्क ४.३ जीबीची चव्वेचाळीसशे, कार्ड छत्तीसशे, कॅबिनेट बाराशे, सीडी ड्राइव्ह सतराशे, फ्लॉपी ड्राइव्ह पाचशे, की-बोर्ड आणि माउस पाचशे. मॉनिटर चौदा इंची, वापरलेला, अडतीसशे. एकूण चोवीस हजार नऊशे. साउंड कार्ड आणि स्पीकर यादीत नाहीत, हे तुमच्या लक्षात आलं असेल. पहिले चार महिने आमच्या घरी सगळे खेळ मुके होते. गाडीची धडक झाली की माझा धाकटा भाऊ तोंडाने आवाज काढायचा.

उरलेल्या शंभर रुपयांत वडापाव खाल्ले आणि रात्रीची एसटी धरली. अण्णा चादरीत गुंडाळलेला मॉनिटर मांडीवर घेऊन रात्रभर बसले. मी दोनदा म्हटलं, मी धरते. ते म्हणाले, "तू झोप. सकाळी तुला जोडायचंय."

जोडायला अख्खा दिवस गेला. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा पंखा फिरला, पण पडदा काळाच. रॅमची पट्टी पुरती बसली नव्हती. ती काढून दोन्ही बाजूंचे खटके लागेपर्यंत दाबली, तेव्हा पडद्यावर अक्षरं उमटली. भावाने त्याच आनंदात अनवाणी पायाने कॅबिनेटला हात लावला आणि ओरडला. झिणझिण्या! आई म्हणाली, "हे भूत आधी घराबाहेर काढा." भूत यंत्रात नव्हतं, घराच्या वायरिंगमध्ये होतं. आमच्याकडे अर्थिंगच नव्हतं. एसएमपीएसमधून थोडा प्रवाह कॅबिनेटवर उतरतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर हात लावणाऱ्याच्या अंगातून.

दिवाळीच्या सुट्टीत भांडं फुटलं. भाऊ गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळत होता. आईने कौतुकाने विचारलं, "काय रे, खऱ्यासारखं दिसतंय!" तो म्हणाला, "मग! ताईने खेळासाठीच तर एवढं महागाचं कार्ड आणलंय. साधं नऊशेला मिळत होतं." त्याला हे मीच फुशारकीने सांगितलं होतं.

आई तेव्हा खाली बसून भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. भाकरी थापत राहिली. अण्णा माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी परसात आवाज आला म्हणून पाहिलं, तर ते कुदळ घेऊन खड्डा खणत होते. शेजारी कोळसा आणि मीठ आणून ठेवलेलं. अर्थिंगचा खड्डा. मी जवळ गेले तेव्हा एवढंच म्हणाले, "पोराला शॉक बसायला नको." त्या प्रसंगाबद्दल ते पुढे कधीही बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या यंत्राने मला शिक्षाही बरीच केली. ३२ एमबी रॅममध्ये विंडोज ९८ आणि सी++ एकत्र सुरू केलं की हार्ड डिस्क दळण दळल्यासारखी वाजायची. रॅम पुरत नाही म्हणून यंत्र पुन्हा पुन्हा डिस्ककडे धावायचं. प्रोग्रॅम तयार व्हायला लागायचा तेवढ्या वेळात चहा करून व्हायचा. तेव्हा समजलं, की एक भाग कितीही भारी आणला तरी यंत्र अडून बसतं ते सगळ्यात कमजोर भागापाशी. आज मी पुण्यात याच कामाचा पगार घेते. एखादी प्रणाली हळू चालते, तर ती नेमकी कुठे अडते ते शोधायचं.

मग मी हावरटपणा केला. त्या प्रोसेसरच्या बसचा वेग ६६ वरून १०० केला की तो ३६६ च्या जागी ५५० ने चालतो, असं मुलं सांगायची. माझा १०० वर उभाच राहिला नाही. ८३ वर ठेवला तर साडेचारशेच्या पुढे चालला. आठ दिवस मी हवेत होते. नवव्या दिवशी हार्ड डिस्कवरच्या फाइली खराब झाल्या आणि माझी सबमिशनची प्रोजेक्ट फाइल गेली. बसचा वेग वाढवला की त्याच्या मागोमाग डिस्कच्या जोडणीचाही वाढतो. ती ३३ ला चालायची ती ४१ च्या पुढे पळवली जात होती. हे शोधायला मला दोन रात्री लागल्या. वेग पुन्हा ६६ वर आणला आणि दर शनिवारी फ्लॉपीवर प्रत काढायची सवय लावून घेतली.

या सगळ्या उपद्व्यापांमुळे गावात बातमी झाली, की अमक्यांच्या मुलीला कॉम्प्युटर जोडता येतो. मे २००० मध्ये आपल्या छापखान्याच्या मालकांनी डीटीपीसाठी एक जोडून मागितला. पाचशे रुपये मजुरी दिली. मग दवाखाना, मग खताचं दुकान, मग गंमत म्हणजे ज्या पतपेढीने कर्ज दिलं होतं ती पतपेढी. सुट्ट्यांमध्ये, रविवारी, जमेल तसं करत जानेवारी २००१ पर्यंत मी चौदा यंत्रं जोडली. सात हजार रुपये झाले. एक हजाराची आणखी ३२ एमबी रॅम घेतली, तोवर भाव उतरले होते. उरलेले सहा हजार आईच्या हातात ठेवले.

संक्रांतीला आईने नव्या ओट्यापाशी उभं राहून गुळाच्या पोळ्या केल्या.

गोष्ट इथे संपवली तर छान वाटेल, पण ते खरं होणार नाही. ओटा झाला म्हणून खोटं काही खरं ठरत नाही. ते कार्ड नसतं तर मी हे सगळं शिकले नसते, असं मी स्वतःला बरीच वर्षं समजावत होते. पण मला खेळायचं आहे, असं सांगायची हिंमत केली असती तर काय झालं असतं, हे मला कधीच कळलं नाही. कदाचित आई-अण्णा नाही म्हणाले असते. कदाचित हो म्हणाले असते. मी त्यांना ती संधीच दिली नाही. अण्णा २०१६ साली गेले. त्यांच्याशी हे बोलायचं राहून गेलं.

आणि आता या दिवाळीतली गोष्ट. माझा भाचा, म्हणजे तेव्हा मला उघडं पाडणाऱ्या त्याच भावाचा मुलगा, यंदा दहावीला आहे. तो म्हणाला, "आत्या, बाबांना सांग ना, मला कोडिंगसाठी चांगला कॉम्प्युटर हवाय. ग्राफिक्स कार्डवाला." मी हसले. कोडिंग शिकायला ग्राफिक्स कार्ड लागत नाही, हे मला नाही तर कुणाला कळणार! आई तिथेच बसली होती. आता तिचं वय सत्तरीच्या पुढे आहे. ती म्हणाली, "याला तरी खरं सांगायला लाव."

मी भाच्याला सांगितलं, बाबांसमोर उभा राहा आणि म्हण, मला खेळायचंय. पुढचं मी बघते. तो घाबरत घाबरत बोलला. भाऊ दोन मिनिटं गप्प होता. मग म्हणाला, "चाळीस हजार. दहावीची परीक्षा झाल्याशिवाय सुरू करायचा नाही. आणि जोडायचा तूच." बस्स, एवढंच झालं. तेवीस वर्षं मी ज्या उत्तराला घाबरत होते ते दोन मिनिटांत मिळालं.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी सध्या हाच हट्ट चालू असेल, म्हणून आमचा हिशेब सांगते. २०२१ मध्ये ग्राफिक्स कार्डं सोन्याच्या भावाने जात होती, कारण आभासी चलन बनवण्यासाठी लोक ती ढिगाने घ्यायचे. या १५ सप्टेंबरला इथेरियमने कार्यपद्धती बदलली, त्याला कार्डांची गरज उरली नाही आणि वापरलेली कार्डं बाजारात आली. आम्ही तसंच एक जीटीएक्स १६६० सुपर बारा हजारांत घेतलं. पैसे देण्याआधी दुकानातच अर्धा तास त्यावर जड खेळ चालवून पाहिला, पंखा ऐकला, तापमान पाहिलं. आय३-१२१००एफ प्रोसेसर आठ हजार आठशे. इथेही एक खाच आहे. नावाच्या शेवटी 'एफ' असेल तर त्यात आतलं ग्राफिक्स नसतं, कार्ड लावल्याशिवाय पडद्यावर काहीच येत नाही. मदरबोर्ड साडेसहा हजार. रॅम आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या, बेचाळीसशे. सोळाची एकच पट्टी घेऊ नका, दोन असल्या की माहितीची ये-जा दोन वाटांनी होते. एसएसडी तेहतीसशे, कॅबिनेट तेवीसशे. आणि एसएमपीएस चौतीसशे. तिथे पाचशे-हजार वाचवू नका, तो बिघडला तर जाताना बाकीच्यांनाही घेऊन जातो. मॉनिटर माझा जुना दिला. एकूण साडेचाळीस हजार. वरचे पाचशे मी घातले. एक यंत्र जोडायची माझी तेव्हाची मजुरी तेवढीच होती.

जोडलं त्यानेच. पहिल्यांदा बटण दाबलं आणि पडदा काळाच. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "रॅमचे खटके बघ." दोन्ही लागले नव्हते.

संयोजकांचा विषय अगदीच सोडला असं नको म्हणून एक सांगते. २०१२ मध्ये टोरंटो विद्यापीठातल्या संशोधकांनी चित्रं ओळखायला शिकवलेली एक प्रणाली गाजली. कृत्रिम बुद्धिमत्तेची आजची लाट त्यानंतर वेगाने उसळली. ती प्रणाली त्यांनी खेळांसाठी विकल्या जाणाऱ्या दोन ग्राफिक्स कार्डांवर तयार केली होती. तेव्हा मुलं खेळाचं यंत्र मागतात म्हणून लगेच कपाळाला आठ्या घालू नका. त्यांना खरं बोलता येईल इतकी जागा ठेवा आणि यंत्र त्यांनाच जोडू द्या. मुलगी मागत असेल तर जरा जास्तच लक्ष द्या. तिच्यासाठी प्रत्येक शाळेत मामा असतीलच असं नाही.

सध्या ते यंत्र भावाच्या घरी चादरीखाली झाकून ठेवलेलं आहे. मार्चपर्यंत परीक्षा आहे. रोज रात्री कुणीतरी ती चादर थोडी वर करून बघतं, असं आई फोनवर सांगते. तो भाचा असतो की भाऊ, हे मात्र ती सांगत नाही.

मामा, जेवताना मी तुमच्या शेजारी बसणार आहे. जागा धरून ठेवा.